दोरीचं दुसरं टोक

मूकपट होते तोवर आमच्या सेटइतका गोंगाट हॉलिवूडशेजारच्या साऱ्या कल्व्हर सिटीत कुठे नसेल. दिग्दर्शक मिलार्ड बून तोंडाशी भोंगा धरून, कॅमेरा चालू असतानाच ओरडायचा, "आता पड! अजून पड! अरे मागे बघ ना गाढवा, मागे!" पलीकडच्या सेटवर सुतार खिळे ठोकत असायचे, आणि गमतीचा प्रसंग रंगला की सगळेच हातातलं टाकून हसायचे. कॅमेऱ्याला कान नव्हते, त्यामुळे कोणाचं काही बिघडत नव्हतं.

मी तिथे रीळ कापायचं काम करायची. नाव व्हर्ना, पण व्हर्न म्हटल्याशिवाय कोणी हाक मारत नसे. रीळ कापणाऱ्या बाईला पुढे पुढे माणसं फिल्मच्या फुटांत दिसायला लागतात. बून माणूस भला, पण त्याच्या रिळातलं बहुतेक सगळं माझ्या टोपलीत जायचं. फ्लोरा डन्कर्क ही आमची पडद्यावरची कायमची घरमालकीण, कायमची सासू, कायमची पोलिसाची बायको. ती एक फूटही वाया घालवत नसे आणि त्याबद्दल तिला कोणी शाबासकी दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. अल्बी फ्रॉस्ट भरपूर वाया घालवायचा. पण त्याचे फेकलेले तुकडे टोपलीत टाकण्याआधी मी पुन्हा एकदा उजेडात धरून बघायची.

अल्बी आमचा विनोदी नट. गवताची टोपी, आखूड कोट, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की काही चुकलं असेल तर ते आपलंच. पडण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण त्याची खरी करामत पडण्यात नव्हती, थांबण्यात होती. पडल्यावर किती वेळ तसंच पडून राहायचं आणि नेमकं केव्हा डोकं वर काढायचं, हे तो कानाने ठरवायचा. सेटवरचं हसू चढत जायचं, शिगेला पोचायचं, आणि ओसरायला लागलं रे लागलं की अल्बी टोपी सावरायचा. मग पुन्हा हशा. तोही त्याने गृहीत धरलेला असायचा.

त्या हशात एक हसू सगळ्यांच्या वर असे, ते निल्सचं. निल्स आमचा सुतार, स्वीडनचा, भिंतीएवढा. अल्बीच्या पहिल्या चित्रपटापासून त्याचे सेट तोच उभारायचा. बोलायचा फारसा नाही. सगळं बोलणं त्याने हसण्यासाठी राखून ठेवलं असावं. हसताना आधी त्याचे खांदे हलायचे, मग पोट, आणि आवाज सगळ्यांत शेवटी यायचा, लांबून आगगाडी आल्यासारखा. अल्बी मला म्हणायचा, "बाकीचे माझ्या तोंडावर हसतात, व्हर्न. निल्सला खोटं हसताच येत नाही. ते यंत्र त्याच्यात बसवलेलंच नाही."

मग बोलपट आले.

सेटच्या भिंतींना घोंगड्या लागल्या. कॅमेऱ्याची घरघर ऐकू येऊ नये म्हणून त्याला माणसासकट एका लाकडी खोलीत कोंडलं. टेक संपला की तो माणूस त्यातून उकडलेल्या बटाट्यासारखा बाहेर यायचा. पंखे बंद, दारं बंद, वर दिवे तापलेले. आणि दारावर एक तांबडा दिवा. तो लागला की कोणी खोकायचंसुद्धा नाही. हा नियम किंग्सबरी नावाच्या आवाजवाल्याचा. तो टेलिफोन कंपनीतून आला होता म्हणून त्याला सगळे टेलिफोनच म्हणत. माणूस वाईट नव्हता. रात्रंदिवस कानाला आवाज ऐकायचं यंत्र लावून त्याचाच जीव मेटाकुटीला आला होता. बूनचा भोंगा त्याने काढून घेतला आणि बदल्यात त्याला टॉफीची पिशवी दिली. "तोंड उघडावंसं वाटलं की एक चघळा, मिस्टर बून." उन्हाळा संपेपर्यंत बूनचं वजन चांगलंच वाढलं.

आणि निल्सला सेटवर यायची बंदी झाली.

अल्बीचा पहिला बोलपट पडला, दुसराही पडला. लोक म्हणाले आवाज बरा नाही. आवाजात काही खोट नव्हती, मी तो दिवसभर ऐकत होते. खोट थांबण्यात होती. शांत सेटवर अल्बी पडायचा, कान टवकारायचा, कानावर काहीच यायचं नाही, आणि घाबरून तो लगेच उठायचा. पडद्यावर दिसायचा तो फक्त एक घाईतला माणूस.

मालक मिस्टर पेटिग्रू यांनी त्याला बोलावून सांगितलं, तेव्हा मी तिथेच होते. "अल्बी, तुझा करार या चित्रपटाबरोबर संपतो. ग्लेनडेलच्या थिएटरात दाखवू. लोक हसले तर पुढचा करार, नाही हसले तर हात मिळवू आणि मित्र म्हणून वेगळे होऊ."

"मित्र म्हणून," अल्बी म्हणाला.

"तू परत रंगमंचावर जाऊ शकतोस."

"कुठल्या? मी ज्या थिएटरांत कामं केली, तिथे आता तुमचेच चित्रपट लागतात, मिस्टर पेटिग्रू."

पेटिग्रूंनी हसून त्याची पाठ थोपटली. बाहेर आल्यावर अल्बी जिन्यात बसला. म्हणाला, जरा गुडघा बोलतोय. डाव्या गुडघ्याचं दुखणं जुनं होतं. कामावर त्याबद्दल तो कधी बोलत नसे. लंगडणाऱ्या विनोदी नटाला लोक हसत नाहीत, कीव करतात, असं त्याचं म्हणणं.

चित्रपटाची गोष्ट एवढीशी. भाड्याच्या घरात भिंतीत मिटणारा पलंग असतो, तो अडकलाय. अल्बी दुरुस्तीला येतो. खटपट करता करता पलंग त्याच्यासकट धाडकन भिंतीत मिटतो. घरमालकीण फ्लोरा येते, रिकामी खोली बघते. थोडा वेळ काहीच घडत नाही. मग पलंग हळूहळू खाली येतो आणि त्यावर अल्बी, टोपी घालून, सभ्यपणे आडवा.

सगळी गंमत त्या थोड्या वेळात होती. पलंगाची खिटी आतून अल्बीच्या हातात. केव्हा सोडायची? पूर्वी भिंतीआडच्या अंधारात त्याला निल्सचं हसू ऐकू आलं असतं. आता आत अंधार आणि बाहेर स्मशान.

सकाळभर तो मिटत राहिला. एकदा खिटी लवकर सुटली, एकदा उशिरा, आणि प्रत्येक वेळी त्या लोखंडी चौकटीने त्याला भिंतीवर आपटलं.

"आकडे मोजून बघ ना," बून टॉफी चघळत म्हणाला.

"मोजले. आकड्यांना विनोद कळत नाही, मिलार्ड."

"मग मी खूण करतो."

"तुला कळलं असतं, तर माझा अर्धा चित्रपट व्हर्नच्या टोपलीत गेला नसता."

बूनने माझ्याकडे बघितलं. मी रिळाकडे.

जेवणाच्या सुट्टीत अल्बी सुतारखान्यात गेला आणि निल्सला दंडाला धरून घेऊन आला. दुसऱ्या हातात सुताराची ओळंब्याची दोरी. "टेलिफोन, या दोरीला आवाज आहे का?"

किंग्सबरीने दोरी कानाजवळ नेऊन बघितली. त्याला चेष्टा कळत नसे. "नाही."

"मग हिचं एक टोक आत माझ्या मनगटाला आणि एक बाहेर याच्या मुठीत."

"हा हसेल," किंग्सबरी म्हणाला.

"हसायलाच आणलाय. तोंडात टॉवेल कोंबा."

निल्सने टॉवेलकडे बघितलं. "स्वच्छ आहे?"

"तुझ्यापेक्षा," फ्लोरा म्हणाली.

तर असा तो बेत. निल्स पडद्याआड बाकावर, तोंडात टॉवेल, मुठीत दोरी. भिंतीतल्या एका भोकातून ती आत गेलेली. पलंग मिटला, फ्लोरा आली, आणि निल्सचे खांदे हलले, मग पोट हललं. आवाज टॉवेलात मुरला, पण दोरी थरथरत राहिली, चिमण्या बसलेल्या तारेसारखी. थरथर चढली, ओसरली, आणि पलंग खाली आला. नेमका. मीही बघत राहिले.

"हेच!" बून ओरडला. "हेच ते! तांबडा दिवा गेलाय ना? हेच!"

पण कॅमेऱ्याच्या खोलीतला माणूस दार उघडून बाहेर आला, तो थेट जमिनीवरच बसला. उकाड्याने त्याला भोवळ आली होती. मधला भाग टिपलाच गेला नव्हता.

शिव्या द्यायलाही अंगात जोर लागतो, तो कोणाच्यातच उरला नव्हता. त्याला पाणी पाजलं, डोक्यावर ओलं फडकं ठेवलं. अल्बी पलंगावर तसाच पडून होता. मी जवळ गेले. "उद्या करू या का?"

"उद्या हा गुडघा माझ्याबरोबर येईल असं वाटत नाही, व्हर्न. आत्ताच घ्या."

तांबडा दिवा लागला. अल्बी पलंगावर चढला, खटपट केली, आणि पलंग मिटला. मिटता मिटता त्या धाडकन आवाजाच्या पोटात आणखी एक आवाज झाला, सुकी फांदी मोडल्यासारखा. माझ्या कानावर तो पडला, पण लक्षात आला नाही. निल्सच्या लक्षात आला. पंधरा वर्षं लाकडात काढलेला माणूस. काय लाकडाचं आणि काय लाकडाचं नाही, हे त्याला कळणारच.

फ्लोरा आत आली, खोली बघितली. थांबली.

निल्सचे खांदे हलले नाहीत. टॉवेल तोंडात, डोळे भिंतीवर, आणि दोरी ताठ.

आत अल्बी वाट बघत होता. थरथर येईल, चढेल, ओसरेल, मग सोडू. थरथर येईना. निल्स हसत नाही म्हणजे अजून गंमत आलेली नाही. गंमत आली नाही म्हणजे थांबायला हवं. तो थांबला.

बाहेर आम्ही सगळे उभे. निल्सला वाटत होतं माणूस आत मोडून पडलाय. किंग्सबरीच्या कानातल्या यंत्रात तो कडाका आम्हा सगळ्यांपेक्षा मोठा आला होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. पण दिवा तांबडा होता. दिवा लागलेला असताना बोलायचं नाही, हे आमच्या हाडीमांसी इतकं मुरलं होतं, की भिंतीत माणूस मरत असला तरी त्याने टेक संपेपर्यंत कळ काढावी असाच आमचा एकंदर कारभार. थांबवायचा अधिकार बूनचा. बूनच्या तोंडात टॉफी, आणि त्याला वाटलं, अल्बीला काहीतरी नवीन सुचलंय.

राहिली फ्लोरा. ती जुन्या नाटक कंपनीतली. समोरच्याला संवाद आठवेना झाला तरी पडदा पडेपर्यंत रंगमंच सोडायचा नाही, हे तिचं शिक्षण. तिने भिंतीवरची तसबीर सरळ केली. टेबलावरची धूळ बोटाने पुसून बघितली. मग दमून अल्बीच्या हत्यारांच्या पेटीवर बसली. ते दमणं खरं होतं. ती सकाळपासून उभी होती. एप्रनच्या खिशात हात घातला आणि कागदात गुंडाळलेलं उकडलेलं अंडं काढलं. तिचं स्वतःचं, जेवायच्या सुट्टीतलं राहिलेलं. पेटीच्या कडेवर ते आपटलं. फुलदाणीत लपवलेल्या माइकने टकटक स्वच्छ पकडली. सावकाश सोललं. मीठ लावलं. एक घास घेतला. मग मागे न बघता भिंतीवर बोटाने टकटक केलं.

"मिस्टर, आत आहात का?"

बराच वेळ काही नाही. मग भिंतीतून अल्बीचा आवाज आला, अगदी थकलेला, अगदी सभ्य. "आहे, बाई."

"बरं आहे ना सगळं?"

"अंधार आहे."

"हं." तिने दुसरा घास घेतला. "दुरुस्त झाला का?"

"काय?"

"पलंग."

आत जरा विचार झाला. "मिटतो छान," भिंत म्हणाली.

तेव्हा कुठे पलंग खाली आला, हळूहळू. अल्बी टोपी घालून आडवा. त्याने फ्लोराकडे बघितलं, मग अंड्याकडे. फ्लोराने उरलेलं अर्धं त्याच्या हातात दिलं. त्याने टोपीला हात लावून आभार मानले आणि तसाच पडून खाल्लं. कारण त्याला उठता येत नव्हतं.

दिवा विझला आणि निल्स टॉवेल थुंकून धावला.

ग्लेनडेलच्या थिएटरात चित्रपट दाखवला, तेव्हा अल्बी आत बसलाच नाही. पाय लाकडी पट्ट्यांत बांधलेला, म्हणून बाहेरच्या दालनात बाकावर. मी म्हटलं, "आत ये, कडेची खुर्ची धरली आहे." तो म्हणाला, "नको. मी भिंतीपलीकडूनच चांगला ऐकतो."

मी आत होते. पलंग मिटला, कडाका झाला आणि लोक फिस्सकन हसले. त्यांना वाटलं पलंगाचं काहीतरी तुटलं. अंडं निघालं तेव्हा हशा झाला. "आहे, बाई" नंतर तर पुढचे दोन संवाद कोणाला ऐकूच आले नाहीत. माझ्या पुढच्या रांगेत एक गृहस्थ बायकोच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होते. पेटिग्रू अंधारातच उठून माझ्या कानाशी आले. "व्हर्न, तो कडाका. त्याला हात लावायचा नाही. तिथूनच सुरू झाले लोक."

बाहेर आले तर अल्बीच्या बाकाशी निल्स उभा, टोपी हातात घेऊन.

"हसले," मी म्हटलं.

"ऐकलं," अल्बी म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर आनंदबिनंद काही नव्हता. दिवसभराचं ओझं खाली ठेवलेल्या माणसाचा चेहरा तेवढा. "करार मिळेल?"

"मिळाला समज."

"छान." मग निल्सकडे वळून, "तू होतास ना आत? तू हसलास?"

निल्सने मान हलवली. नाही.

"त्या दिवशीही नाही हसलास."

"मी ऐकलं. गुडघा." निल्सने टोपी फिरवली. "आताही तोच ऐकू आला."

अल्बीने पट्ट्यांतल्या पायाकडे बघितलं. "पंधरा वर्षं, व्हर्न. पंधरा वर्षं हा माणूस माझ्यावर हसला. आणि आता त्याला माझी कीव येते. करार घेऊन करू काय मी?"

"कीव नाही," निल्स म्हणाला.

मी म्हटलं, रिळाच्या कडेला आवाजाची पट्टी असते, तिच्यावर शाईचा एक फराटा मारला की कडाका जाईल, कोणाला कळणारही नाही. पेटिग्रूंना मी बघून घेईन.

"लोक तिथून हसायला लागले ना?" अल्बीने विचारलं.

"हो."

"मग राहू दे. मोडला तो मोडला. निदान कामाला तरी येऊ दे."

करार झाला. पाय जुळायला हिवाळा गेला. पुढच्या चित्रपटात पेटिग्रूंना पुन्हा तसंच काहीतरी हवं होतं, आणि पुन्हा कडाका. या वेळी प्रवासाचा मोठा पेटारा. अल्बी त्यात कोंडला जाणार. पेटारा त्याला आपटत नाही, एवढीच सोय. कडाका बाहेरून करायचा, माइकपाशी. कशाने, ते निल्सने ठरवायचं. निल्सने आठवडाभर सुतारखान्यात पाइनच्या काटक्या मोडल्या. ओल्या, सुक्या, भाजलेल्या. किंग्सबरी कानाला यंत्र लावून समोर बसायचा आणि मान हलवायचा. "गुडघा नाही. नाही. खुर्ची. नाही. हां, हा गुडघा." त्या दोघांची तेव्हापासून दोस्ती झाली. जेवायलासुद्धा एकत्र बसायचे, न बोलता.

टेकच्या दिवशी अल्बी काठी टेकत आला. पेटाऱ्यात शिरताना निल्सने त्याला लहान पोराला पाळण्यात ठेवावं तसं आत ठेवलं. दोरी कुलपाच्या भोकातून बाहेर काढली.

"तू काटकी मोडणार आणि दोरीही धरणार?" अल्बीने आतून विचारलं.

"हो."

"नाही हसलास तरी चालेल, निल्स. मी आता अंदाजानेच सोडतो. म्हातारा झालो, वाट बघणं जमतं मला."

निल्सने टॉवेल तोंडात घातला. तांबडा दिवा लागला. पेटाऱ्याचं झाकण अल्बीच्या अंगावर पडलं, आणि त्याच क्षणी निल्सने माइकपाशी काटकी मोडली. कडाका झाला. आमच्या अंगावर काटा आला, इतका तो खरा वाटला.

निल्सने हातातल्या दोन तुकड्यांकडे बघितलं. पाइनचंच लाकूड ते, गुडघा नव्हे. मग पेटाऱ्याकडे. फ्लोरा आत आली, खोली बघितली, दमून पेटाऱ्यावरच बसली आणि एप्रनच्या खिशात हात घातला.

निल्सचे खांदे हलले. मग पोट. मी दोरीकडे बघत होते. ती आधी जराशी हलली, आणि मग इतकी थरथरली की भोकाशी घासल्याचा आवाज आला. किंग्सबरीच्या यंत्रात तो नक्की गेला असणार. त्याने वर बघितलं, आणि खूण करायला उचललेला हात तसाच खाली ठेवला.

पेटारा गप्प होता. दोरी ओसरत आली, थांबली. तरी झाकण उघडेना. आम्हाला वाटलं, आता काय मोडलं. मग ते वर आलं, फ्लोरासकट, अगदी सावकाश, आणि टोपीखाली अल्बीचा चेहरा दिसला. डोळे पुसलेले होते, पण नीट पुसलेले नव्हते.

"उशीर झाला," दिवा विझल्यावर तो बूनला म्हणाला. "माझी चूक. परत घेऊ."

"मला तर चालेल," बून म्हणाला.

"परत घेऊ. व्हर्न, हा टोपलीत टाक."

निल्सने त्याला काखेत हात घालून उचलून बाहेर काढलं आणि खुर्चीवर बसवलं. दोघांनाही धाप लागली होती. मग निल्स नवीन काटकी शोधायला गेला.